चष्मेवाला की चष्म्यावाला?

प्रश्न असा आला आहे : महाबळेश्वरच्या रानात डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला चिमुकला पिवळा पक्षी दिसला. सोबतच्यांनी नाव सांगितलं 'चष्मेवाला'. आपण 'चष्म्याची काच', 'चष्म्याचा नंबर' म्हणतो, मग हा 'चष्म्यावाला' का नाही?

आधी पक्षी. ओळखलात बरोबर. चिमणीहून लहान, जेमतेम १० सेंटिमीटर. पाठ हिरवट पिवळी, गळा पिवळाधमक, पोट मळकट पांढरं. सुभग पक्ष्याच्या पंखावर पांढरे पट्टे असतात, याच्या नसतात. शिंपी पक्ष्याचं टाळकं तांबूस, याचं नाही. ते कडं म्हणजे उघडी कातडी नव्हे, बारीक पांढरी पिसंच. दुर्बिणीतून नीट पाहिलंत तर चोचीकडे ते जरासं तुटलेलं दिसतं.

आता 'चष्मे'. 'वाला' आपल्याकडे हिंदीतून आला आणि येताना तिकडचं सामान्यरूपही (प्रत्ययाआधी शब्दाचं होतं ते रूप) घेऊन आला. मराठी नियमाने घोड्याचा, टांग्याचा. पण माथेरानला भेटतो तो घोडेवाला, आणि टांगा हाकतो तो टांगेवाला. डबेवाला-फुगेवाल्यावरून हे अनेकवचन वाटेल. पण टांगेवाल्याकडे टांगा एकच असतो की! तसाच चष्मेवाला. (चष्मे विकणाराही चष्मेवालाच, हा बिचारा स्वतःचाच घालून हिंडतो.) 'चष्म्यावाला' कुणी बोलून गेलं तर मी चूक काढणार नाही, पण पाखराचं नाव म्हणून रूढ आहे ते 'चष्मेवाला'.

गंमत मुळाशी आहे. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा; म्हणजे चष्म्यात डोळा आधीच आहे. मराठीने मात्र ग्रीष्म-भीष्माच्या पंगतीला बसवून त्याला 'ष' दिला. शास्त्रीय नावातला 'झोस्टेरॉप्स' ग्रीक : कमरपट्टा अधिक डोळा. जर्मन लोक या कुळातल्या पाखरांना 'ब्रिलेनफोगेल', चष्मापक्षीच म्हणतात. जपानी 'मेजिरो'चा अर्थ सरळ 'पांढरा डोळा'.

'चष्मेवाली' म्हणायची वेळ सहसा येत नाही, नर-मादी सारखीच दिसतात. विणीच्या दिवसांत जोडीने, फांदीच्या दुबेळक्यात कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली वाटीएवढीही नसलेली झोळी विणतात. अंडी बहुधा दोन, फिकट निळी. एरवी थव्याने फांद्या धुंडाळतात, किडे टिपतात, फुलांत तोंड खुपसून मध पितात, आणि सारखी बारीक, नाकातली चीं-चीं चालू. म्हणजे बोलताना बहुतेक वेळा 'चष्मेवाल्यांचा थवा'च तोंडी येणार. तुम्हाला हवा असलेला 'या' तिथे 'ल्यां'मध्ये आहे.