साडेतीन हजारांत काजव्यांसाठी ट्रायपॉड? उंची सोडा, पाय बघा

तुमचा प्रश्न असा: कॅनन १५००डी कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ची लेन्स, हातात साडेतीन हजार रुपये आणि मेअखेरीस भंडारदऱ्याला काजव्यांचे फोटो काढायला जायचंय, तर ट्रायपॉड कुठला घ्यावा? "एकच मॉडेल सांगा" असंही म्हणालात. ते मी सांगणार नाही. या किमतीतली मॉडेलं वर्षा-दोन वर्षांत नाव बदलून येतात. चांगला ट्रायपॉड हाताला कसा कळतो ते सांगतो, म्हणजे दुकानदाराने काहीही पुढे केलं तरी तुमचं अडणार नाही.

आधी माझी फजिती ऐका. माझा पहिला ट्रायपॉड साडेसातशे रुपयांचा होता. हलका, उंच, आणि खोक्यावर लिहिलेलं 'तीन किलो पेलतो'. माझा कॅमेरा तर किलोभराचाही नव्हता. तो घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे टिपायला पुरुषवाडी गावाला गेलो. पावसाच्या आधीचा वारा सुटलेला. मी मधला दांडा पार वरपर्यंत काढून तीस-तीस सेकंदांचे फोटो घेत बसलो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. घरी येऊन संगणकावर उघडलं तर प्रत्येक झाडाशेजारी त्याचाच एक जुळा भाऊ उभा! त्यातच दुसऱ्या रात्री एका पायाची प्लास्टिकची क्लिप तुटली, आणि उरलेले फोटो दगडांवर कॅमेरा ठेवून काढले. गंमत म्हणजे तेच जास्त स्पष्ट आले.

तेव्हा पहिली गोष्ट: खोक्यावरचा किलोंचा आकडा विसरा. तो कसा मोजायचा याची सगळ्या कंपन्यांना बांधणारी एक पद्धत नाही. 'पेलतो' म्हणजे मोडत नाही इतकंच. हलतो की नाही, हे त्यात कुठे येतं? तुमचा कॅमेरा आणि लेन्स मिळून पाऊण किलोच्या आतच भरतात, त्यामुळे वजन पेलणं ही तुमची अडचणच नाही. थरथर ही अडचण आहे.

थरथर ठरते पायांच्या नळीवर. पत्र्याची जाडी तेवढीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर तिचा ताठपणा निम्मा होत नाही, साधारण आठवा हिस्सा उरतो. म्हणून पायाचे टप्पे किती आहेत ते मोजा. चार-पाच टप्प्यांचा ट्रायपॉड मिटल्यावर सॅकमध्ये छान मावतो, पण त्याची शेवटची नळी पेन्सिलीएवढी असते आणि सगळा डोलारा तिच्यावर. तुमच्या बजेटमध्ये तीन टप्प्यांचाच घ्या. वरची नळी २५ मिलिमीटरच्या आसपास असावी. दुकानात पट्टी घेऊन गेलात तर दुकानदार हसेल, हसू द्या. वजन दीड किलोच्या जवळपास भरलं तर उत्तम. कार्बन फायबरचा विचार या पैशांत करूच नका, ॲल्युमिनियम चांगलं आहे.

आणि उंची. जाहिरातीतली उंची मधला दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते. तो दांडा वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर तुम्ही एक एकपायी खांब उभा करता. दांडा खाली ठेवून छातीपर्यंत, म्हणजे सव्वाशे सेंटिमीटर, आला की पुष्कळ झालं. काजव्यांसाठी तर मी बसूनच फोटो काढतो.

दुकानात कॅमेरा घेऊनच जा. पाय पूर्ण उघडा, दांडा खाली, कॅमेरा वर. लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे समोरचं चित्र मागच्या स्क्रीनवर आणून, ते दहापट झूम करा, समोरच्या एखाद्या पाटीवरच्या अक्षरावर नेम धरा आणि पायाला टिचकी मारा. अक्षर नाचेल. दीड-दोन सेकंदांत थांबलं तर ठीक, नाचतच राहिलं तर नमस्कार करून पुढचा मागा. मग कॅमेरा थोडा खाली झुकवून हेड, म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा फिरता भाग, घट्ट करा आणि हात सोडा. चित्र हळूच खाली घसरलं तर तो हेड कुचकामी. गोळ्यावर फिरणाऱ्या स्वस्त बॉल हेडमध्ये हे फार दिसतं, म्हणून या किमतीत मला दांडीवाला पॅन हेड बरा वाटतो. दिसायला लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा वाटतो, वाटू दे.

लग्नावरून आठवलं. तुमच्या गावातल्या फोटो स्टुडिओत एकदा विचारून बघा. हातात धरूनही कॅमेरा स्थिर ठेवणारं गिंबल आल्यापासून बऱ्याच जणांचे जुने दणकट ट्रायपॉड माळ्यावर पडलेत. माझा सध्याचा तसाच आहे, अडीच हजारांना मिळाला, वजनाने गाढव आहे पण वाऱ्यात हलत नाही. जुना घेताना दोन गोष्टी तपासा: कॅमेऱ्याखाली लागणारी प्लेट सोबत आहे ना, आणि तिच्या स्क्रूचे आटे झिजलेले नाहीत ना. स्क्रू पाव इंची असतो, तो सगळीकडे सारखाच, पण प्लेट ज्याची त्याची वेगळी. ती हरवली तर ट्रायपॉड म्हणजे काठ्यांची मोळी. ३८ मिलिमीटर रुंदीची 'आर्का' पद्धतीची प्लेट असेल तर सोन्याहून पिवळं, तिला पर्याय सहज मिळतात. नवाच हवा असेल तर डिजिटेक, सिम्पेक्स यांचे तीन टप्प्यांचे बघा. मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारात चक्कर मारा, तिथे हाताळून बघायला मिळतं.

साडेतीन हजार सगळे ट्रायपॉडवर घालवू नका. थोडे पैसे टायमरवाल्या केबल रिमोटसाठी ठेवा. तुमच्या कॅमेऱ्यात आपोआप एकामागून एक फोटो घेत राहायची सोय नाही, आणि काजव्यांचा फोटो म्हणजे एकाच जागेवरून घेतलेले पन्नास-साठ फोटो एकावर एक रचणं. मधे बोट लागलं की चौकट सरकली. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद करा. वारा असेल तर मधल्या दांड्याच्या हुकाला सॅक अडकवा, पण ती जमिनीला जराशी टेकलेली राहू द्या. अधांतरी सॅक वाऱ्यावर झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते. मला हे कळायला एक अख्खा सीझन गेला.

बॅटरी मारू नका, मोबाइलचीसुद्धा नाही. ते लुकलुकणं म्हणजे त्यांचं जोडीदाराला बोलावणं असतं, उजेड पडला की विस्कटतं. वनखात्याचे वेळेचे नियमही आधी विचारून घ्या. हाच ट्रायपॉड पुढे रायगडावर किंवा वेरूळला न्यायचा विचार असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जागी त्याला वेगळी परवानगी लागते, नाहीतर फाटकावर ठेवून जावा लागतो.

आणि समजा यंदा पैसे जमलेच नाहीत. आईने मला जुन्या जीन्सच्या एका पायाची पिशवी शिवून दिलीय. गावात पोचलो की तिच्यात दोन किलो तांदूळ भरायचे, दगडावर ठेवायची आणि वर कॅमेरा दाबून बसवायचा. परतताना तांदूळ ज्यांच्याकडे उतरलो त्यांनाच देऊन येतो.