कायद्यातल्या लॅटिन शब्दप्रयोगांचे अर्थ पाठ आहेत, पण निकालपत्र वाचताना आणि उत्तर लिहिताना गोंधळ उडतो. काय करावं?

अर्थ पाठ केलेत म्हणूनच गोंधळ उडतोय. शब्दशः अर्थ कळला तरी तो नियम कधी लागू होतो हे कळत नाही, आणि कोर्टात किंवा परीक्षेत विचारतात ते नेमकं तेच.

'रेस इप्सा लोकिटूर' घ्या. अर्थ: वस्तू स्वतःच बोलते. 1863 सालच्या बर्न विरुद्ध बोडल या खटल्यात रस्त्याने चाललेल्या माणसाच्या अंगावर गोदामातून पिठाचं पिंप पडलं. कोणाच्या चुकीने पडलं याचा काहीही पुरावा नव्हता. कोर्टाने म्हटलं, पिंपं अशी आपोआप पडत नाहीत. निष्काळजीपणा नव्हता हे आता गोदामवाल्याने दाखवावं. म्हणजे लागतात तीन गोष्टी: वस्तू प्रतिवादीच्या ताब्यात हवी, निष्काळजीपणाशिवाय एरवी असा अपघात होत नाही असं हवं, आणि खरं कारण अज्ञात हवं. बहुतेक जण तिसरी विसरतात. पिंप ज्या दोराला बांधलं होतं तो कुजका होता असं समजा साक्षीत आलं, तर हा नियम गुंडाळून ठेवायचा आणि सरळ कुजक्या दोरावर युक्तिवाद करायचा.

सगळ्यात जास्त वेळ 'रेशिओ डिसिडेंडी' आणि 'ओबिटर डिक्टा' यांना द्या. रेशिओ म्हणजे ज्या कारणावर निकाल उभा आहे ते, आणि ओबिटर म्हणजे जाता जाता केलेली टिप्पणी. पहिलं पुढच्या कोर्टांवर बंधनकारक, दुसरं नाही. ओळखायची एक जुनी कसोटी आहे, वॅम्बॉ या अमेरिकन प्राध्यापकांची: विधान उलटं करा आणि विचारा, निकाल बदलला असता का? बदलला असता तर ते रेशिओ असू शकतं. नसता बदलला तर ओबिटर.

हाय ट्रीज खटल्यावर (1947) करून बघा. फ्लॅटची इमारत 1937 मध्ये वर्षाला 2,500 पौंड भाड्याने दिलेली. युद्धामुळे फ्लॅट रिकामे राहिले, म्हणून 1940 मध्ये मालकाने भाडं 1,250 वर आणलं. 1945 मध्ये इमारत पुन्हा भरली आणि मालकाने त्या वर्षाच्या शेवटच्या दोन तिमाहींचं पूर्ण भाडं मागितलं. ते मिळालं, कारण सवलत युद्धकाळातल्या परिस्थितीपुरतीच होती. हे विधान उलटं केलं तर मालक हरतो, म्हणून हे रेशिओ. निकाल देणारे न्यायाधीश डेनिंग पुढे असंही म्हणाले, की मालकाने 1940 पासूनची थकबाकी मागितली असती तर दिलेल्या शब्दामुळे ती मिळाली नसती. हे उलटं करा: 1945 च्या भाड्यावर काहीच परिणाम नाही. म्हणजे ओबिटर. गंमत अशी, की खटला लोकांच्या लक्षात आहे तो या ओबिटरमुळेच. प्रॉमिसरी एस्टॉपेलचं, म्हणजे समोरच्याने विसंबून वागल्यावर दिलेला शब्द फिरवू न देण्याचं, आधुनिक तत्त्व त्यातूनच वाढलं. तेव्हा 'बंधनकारक नाही' याचा अर्थ 'बिनमहत्त्वाचं' असा घेऊ नका.

'डॅम्नम सिने इन्जुरिया' आणि 'इन्जुरिया सिने डॅम्नो' ही जोडी तर हमखास उलटी लिहिली जाते. दोष 'इन्जुरिया' या शब्दाचा. तो ऐकून दुखापत आठवते. इथे इन्जुरिया म्हणजे हक्काचा भंग, डॅम्नम म्हणजे नुकसान, सिने म्हणजे शिवाय. ग्लॉस्टरच्या शाळेचा 1410 सालचा खटला: शेजारी नवी शाळा निघाली, फी 40 पेन्सवरून 12 वर आली. जुन्या शिक्षकाचं नुकसान झालं, पण स्पर्धा करणं हा हक्कभंग नाही, म्हणून दाद नाही. उलट अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट (1703) मध्ये मतदाराला मत देऊ दिलं नाही. त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, नुकसान शून्य. पण हक्क मोडला म्हणून भरपाई मिळाली.

'रेस जुडिकाटा' (पूर्वन्याय), 'सब जुडिस' (न्यायप्रविष्ट) आणि 'स्टेअर डिसायसिस' यांत फरक कोणावर बंधन येतं याचा. पूर्वन्याय त्याच पक्षकारांना तोच मुद्दा पुन्हा उकरू देत नाही. स्टेअर डिसायसिस कोर्टांना आधीच्या निवाड्यांना धरून राहायला लावतं, पक्षकार कोणीही असोत. पूर्वन्यायाचा बचाव फसतो तो बहुधा एकाच जागी: आधीचा दावा गुणदोषांवर निकाली निघालेलाच नसतो, अधिकारक्षेत्र नाही म्हणून किंवा तांत्रिक चुकीवर फेटाळलेला असतो. म्हणून आधीच्या निकालाची शेवटची ओळ नव्हे, कारणं वाचा. सब जुडिस म्हणजे प्रकरण अजून चालू आहे, एवढंच.

करारात 'इंटर अलिया' दिसलं तर पुढची यादी अपुरी आहे असं समजा. अर्थ 'इतर गोष्टींबरोबर'. तो शब्द गाळला, तर यादी तेवढीच आहे असा वाद घालायला समोरच्याला वाव मिळतो. 'म्युटाटिस म्युटांडिस', म्हणजे आवश्यक ते बदल करून, हे मसुदा लिहिणाऱ्याच्या आळसाचं लक्षण. विक्रीचं कलम भाडेकराराला असं लावलं, की 'खरेदीदार'च्या जागी कोण आणि 'किंमत'च्या जागी काय, यावरच भांडण होतं. दोन ओळी जास्त लिहा आणि बदल स्पष्ट मांडा.

स्वतःच्या अर्जात शक्य तिथे मराठीच वापरा: एक्स पार्टे म्हणजे एकतर्फी, प्रायमा फेसी म्हणजे प्रथमदर्शनी, साइने डाय म्हणजे बेमुदत तहकूब. इंग्लंडच्या दिवाणी कोर्टांनीही 1999 च्या नव्या नियमांत 'एक्स पार्टे' सोडून 'नोटीस न देता' असं साधं इंग्रजी घेतलं. रेशिओ आणि ओबिटर मात्र तसेच ठेवा, कारण वकील-न्यायाधीश बोलताना तेच शब्द वापरतात.