नवखा माणूस निवडून दिला की बदल येतो का?

प्रश्न : दरवेळी तेच पक्ष, तेच चेहरे, सत्तेत कोणीही आलं तरी आपली कामं अडलेलीच. या वेळी राजकारणाशी काडीचाही संबंध नसलेला एकजण उभा आहे, माणूस स्वच्छ वाटतो, बोलतोही मनापासून. घरचे म्हणतात असल्यांच्याने काही होत नसतं. त्याला मत दिलं तर खरंच काही बदलेल का?
– पहिल्यांदा मत देणारी एक वाचक

उत्तर : बदलू शकतं, पण तो बाहेरचा आहे एवढ्याच कारणाने नाही. बाहेरचा म्हणजे त्याने अजून खाल्लेलं नाही इतकंच कळतं, खायची संधी समोर आल्यावर काय करेल ते नाही कळत. आणि दुसरं म्हणजे माणूस एकटा खुर्चीत बसला तरी कायदे करायला, बजेट पास करायला सभागृहात हात वर करणारे लागतात, ते त्याच्याकडे आहेत का? मला तर हा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो आणि प्रचारात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

ग्वाटेमालाचं बघा. २०१५ मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात तिथले राष्ट्राध्यक्ष ऑटो पेरेझ मोलिना यांना राजीनामा द्यावा लागला, लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर येत होते, आणि त्या लाटेत जिमी मोरालेस हा टीव्हीवरचा विनोदी नट निवडून आला. घोषणा होती ‘ना भ्रष्ट, ना चोर’. पण संसदेत त्याच्या पक्षाकडे १५८ पैकी जागा फक्त ११, मग ज्या जुन्या पक्षांना लोक विटले होते त्यांचेच खासदार उड्या मारून याच्या पक्षात आले आणि याने ते घेतले. त्या देशात सीआयसीआयजी नावाची तपास यंत्रणा होती, संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर चालणारी, पेरेझ मोलिनांचं प्रकरण तिनेच बाहेर काढलेलं. २०१७ मध्ये तिने मोरालेसच्याच प्रचाराच्या पैशांवर बोट ठेवलं तर दोन दिवसांत त्याने तिचे प्रमुख इव्हान वेलास्केझ यांना देशाबाहेर घालवायचा आदेश काढला. कोर्टाने तो अडवला, पण यंत्रणेची मुदत काही त्याने वाढवून दिली नाही आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. ज्या कामासाठी लोकांनी याला निवडलं ते काम करणारी यंत्रणाच याच्या काळात गेली, आणि हे मला फार वाईट वाटतं कारण त्या मतदारांचा राग अगदी खरा होता.

पेरूमध्ये वेगळंच झालं. २०२१ ला पेद्रो कास्तियो हे गावाकडचे शाळामास्तर अध्यक्ष झाले, पण संसदेत बहुमत नाही, हाताशी अनुभवी टीम नाही, दीड वर्षाच्या आत पाच पंतप्रधान झाले. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संसदच बरखास्त करतो म्हणून जाहीर केलं आणि त्याच दिवशी संसदेने त्यांना हटवलं, अटकही झाली.

पण सगळीकडे असंच होतं असंही नाही हं. आइसलँडच्या बँका २००८ मध्ये बुडाल्यावर राजधानी रेक्याविकमध्ये योन ग्नार या विनोदी कलाकाराने पक्ष काढला, आणि २०१० ला नगर परिषदेच्या १५ पैकी ६ जागा आल्या. त्याने काय केलं तर ३ जागा असलेल्या सोशल डेमोक्रॅट्सना, म्हणजे कारभार माहीत असलेल्यांना, सोबत घेतलं, ९ झाले, बहुमत झालं, हा महापौर झाला. शहराची वीज-पाणी पुरवणारी कंपनी कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली, तिचे दर वाढवले, माणसं कमी केली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, चार वर्षं पूर्ण केली आणि परत उभा राहिला नाही. बदल म्हणतात तो बऱ्याचदा असा दिसतो, त्यात भाषणाला टाळ्या पडाव्यात असं फारसं काही नसतं.

तेव्हा तुमच्या उमेदवाराला गाठून सरळ विचारा, निवडून आल्यावर पहिल्या ठरावाला तुमच्या बाजूने कोण कोण असेल त्यांची नावं सांगा. प्रचाराचा पैसा कुठून येतोय? चौकशी तुमचीच लागली तर अधिकाऱ्याची बदली करणार का? शेवटच्या प्रश्नावर चिडला तर मी तरी त्याला मत देणार नाही. उत्तरं नीट मिळाली तर घरचे काहीही म्हणोत, द्या मत.

प्रश्न : सगळं पटतं हो, पण तो निवडून येणारच नसेल तर मत फुकटच जाणार ना?
– एक नियमित वाचक

उत्तर : सीट आली नाही म्हणजे मत वाया गेलं असं मी मानत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ ला युकिप या, देशाने युरोपीय महासंघातून बाहेर पडावं म्हणणाऱ्या पक्षाला ३८ लाखांवर मतं पडली आणि ६५० पैकी जागा मिळाली एक. पण आपले मतदार तिकडे सरकतायत म्हणून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्यावर त्यांच्याच पक्षातून दबाव होता, त्यांनी २०१३ मध्येच युरोपीय महासंघावर सार्वमत घ्यायचं कबूल केलेलं, आणि २०१६ ला जवळपास ५२ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. तो निर्णय कोणाला पटो न पटो, एका जागेच्या पक्षाचा देशाची दिशा बदलण्यात हात होता हे तर खरंच आहे.

धोका मात्र आहे, तो लपवणार नाही. ज्याला सर्वात जास्त मतं तोच विजयी अशी पद्धत असली की मतं फुटतात आणि तुम्हाला जो नकोच होता तोच येतो. अमेरिकेत २००० साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं गेली आणि तिथे बुश यांनी गोर यांना हरवलं ५३७ मतांनी. नेडरचे सगळेच मतदार गोरकडे गेले असते असं नाही, पण फरक ५३७ चा होता! म्हणून आधी मागच्या वेळचा निकाल काढून बघा. हजारोंच्या फरकाने एकतर्फी लागलेली जागा असेल तर बिनधास्त नव्याला द्या, सत्ताधाऱ्यांना निदान आकडा तरी दिसतो, आणि अटीतटीची असेल तर नको असलेला माणूस नक्की किती नकोय ते स्वतःशी ठरवून मगच बटण दाबा. स्थानिक निवडणुकीत तर नव्याला जरूर संधी द्या, तिथे थोडक्या मतांवर माणूस निवडून येतो, फायली, टेंडर, बैठका कशा चालतात ते शिकतो, आणि तो कसा वागतो ते तुम्हाला रोज समोर दिसतं.