‘वात आणणे’ यातला वात कोणता?

‘मुलांनी दिवसभर नुसता वात आणला’ या वाक्यातला वात दिव्याचा की पोटातला, आणि वैतागाचा अर्थ त्याला कुठून मिळाला, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. दिव्याची वात संस्कृत ‘वर्ति’पासून आलेली आणि स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे तिचा येथे काहीच संबंध नाही. तरीही ‘याने अगदी वात आणली’ अशी वाक्ये हल्ली वारंवार ऐकू येतात आणि दर वेळी कानाला खटकतात. पोटातला वायू तर त्याहूनही दूरचा आहे. त्रास म्हणजे अपचन, अशी समजूत करून घेऊन ज्यांनी हा अर्थ लावला, त्यांनी वाक्प्रचाराकडे नीट पाहिलेले नाही.

हा वात तापातला आहे. ज्वर चढून रोग्याचे भान हरपले, तो बरळू लागला, घरच्यांनाही ओळखेनासा झाला, की जुनी माणसे ‘त्याला वात झाला’ असे म्हणत. तेव्हा ‘वात आणणे’ म्हणजे समोरच्याला तशा भ्रमिष्ट अवस्थेपर्यंत नेणे. ‘डोक्याला ताप’ हा प्रयोगही त्याच आजाऱ्याच्या खाटेजवळचा असावा. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, तीन-तीन, चार-चार आठवडे मुक्काम करी, तेव्हा घरोघरी हा वात डोळ्यांनी पाहिलेला असे. १९४८च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध त्या तापावर लागू पडू लागले, पुढे इतर प्रतिजैविकेही आली, वातात बरळणारा रोगी घरात दिसेनासा झाला आणि वाक्प्रचार तेवढा मागे उरला.

आता मला खरोखर ज्याचे अप्रूप वाटते, त्या शब्दाकडे वळतो. वैद्यकातले या अवस्थेचे प्रतिष्ठित नाव ‘सन्निपात’ असे आहे. मुळात त्यात ना ताप आहे, ना बरळणे. सम् + नि + पात, म्हणजे एकत्र येऊन पडणे, एकवटणे. चरकसंहितेत ज्वराची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांत वात, पित्त आणि कफ हे तिन्ही दोष एकाच वेळी कोपल्याने होणारा ज्वर तो सन्निपातज्वर. तंद्रा, मोह, प्रलाप म्हणजे बरळणे, ही त्याची लक्षणे. पुढे कारणाचे नाव लक्षणाला चिकटले आणि सन्निपात म्हणजेच बरळणे, असे लोक समजू लागले. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त हिमालयाच्या बर्फाविषयी ‘एको हि दोषो गुणसन्निपाते’ असे म्हटले आहे. गुणांच्या समुदायात एखादा दोष बुडून जातो, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘दोष’ आणि ‘सन्निपात’ हे वैद्यांचे दोन शब्द त्याने शेजारी शेजारी ठेवले, ते अजाणता ठेवले असतील असे मला वाटत नाही.

प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो आणि तशाच जागचा ‘त’ गळून तिथे हलका ‘य’ येतो. म्हणून जैन आगमांच्या, म्हणजे धर्मग्रंथांच्या, अर्धमागधी या प्राकृतात ‘सन्निपात’चे रूप ‘सन्निवाय’ होते, आणि ‘वात’चे रूप ‘वाय’. दोन्ही शब्दांचा शेवट कानाला अगदी सारखा! माझे मत असे, की बोलणाऱ्यांनी ‘सन्निवाय’मध्ये ‘वाय’ ऐकला, सन्निपात हा वाताचाच एक उग्र प्रकार मानला आणि त्याचा बरळण्याचा अर्थ एकट्या वाताच्या पदरात टाकला.

यावर आयुर्वेदाचे जाणकार आक्षेप घेतात, की चरकाने वाताच्या ८० विकारांत ‘अतिप्रलाप’ स्पष्ट सांगितला आहे, मग प्राकृताचा वळसा कशाला? मला हा आक्षेप अपुरा वाटतो. त्या ८० विकारांत उचकी आहे, जांभई आहे, कंप आहे. मग ‘वात झाला’ म्हटल्यावर उचकी लागल्याचे कुणाच्या मनात का येत नाही? संधिवात, आमवात, अर्धांगवात यांना मराठीत आपापली विशेषणे जोडावी लागतात. ‘झाला’ आणि ‘आणला’ या क्रियापदांबरोबर विशेषणावाचून उभा राहतो, तो बरळण्याचा वात. इतक्या विकारांतून नेमकी हीच निवड कशी झाली, याचे उत्तर यादी देत नाही; सन्निपाताशी झालेली सरमिसळ मात्र देते.

या वाताचा आणखी एक वंश आहे. संस्कृत ‘वातूल’ म्हणजे वाताने पछाडलेला, वेडा. हिंदीतला ‘बावला’ आणि बंगालमधल्या भटक्या गायक-साधूंचे नाव ‘बाउल’ हे शब्द सहसा त्याच्याशीच जोडले जातात. काही जण मराठी ‘बावळा’ही थेट संस्कृतातून उतरला असे सांगतात, ते मला मान्य नाही. शब्दारंभीचा ‘व’ मराठी सहसा राखते: वन, वाट, वारा, वीज. हा शब्द घरात वाढला असता, तर ‘वावळा’ झाला असता. ‘ब’ घेऊन आलेला ‘बावळा’ मी उत्तरेकडून आलेला पाहुणा मानतो.