उघड्या किनाऱ्यावर रात्रीचा नांगर

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, पुण्याचे. पौष पौर्णिमेला आमची 24 फुटी शिडाची बोट घेऊन मुंबईहून गोव्याकडे जात होतो. श्रीवर्धनहून निघायलाच दुपार झाली आणि केळशी मागे पडेपर्यंत अंधारलं. हर्णैला नांगरलेल्या होड्यांच्या गर्दीत रात्री शिरायची हिंमत झाली नाही. म्हणून पाडल्याच्या पुळणीसमोर, किनाऱ्यापासून पाऊण मैलावर, 6 मीटर पाण्यात संध्याकाळी 7 वाजता नांगर टाकला. नांगर 8 किलोचा, साखळी 5 मीटर, दोर 20 मीटर. होता तेवढा सगळा सोडला. वारा वायव्येचा, मंद. मध्यरात्रीपर्यंत बोट शांत होती. मग ती कुशीवर अशी लोळायला लागली की झोपणं अशक्य झालं. साडेतीनला बाहेर येऊन पाहिलं तर हर्णैचा दिवा भलत्याच दिशेला. बोट अर्धा मैल समुद्राकडे गेली होती आणि नांगर कोणाच्या तरी जाळ्याच्या दोरात अडकला होता. शेवटी तो दोर कापून सुटलो. आता सगळे म्हणतात, 12 किलोचा नांगर घ्या. घ्यावा का?

उत्तर : नांगर बदलू नका. 24 फुटी बोटीला 8 किलोचा नांगर पुरेसा आहे. त्या रात्री दोर कमी पडला, आणि मतलई, म्हणजे रात्रीचा जमिनीवरून येणारा वारा, सुटली तेव्हा तुम्ही झोपायच्या प्रयत्नात होतात. तुमच्या पत्रात दोन्ही गोष्टी आहेत, फक्त त्या एकमेकींना जोडून पाहिलेल्या नाहीत.

आधी पाण्याचा हिशेब करू. माझे वडील जयगडच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते. त्यांच्याकडे भरतीचं कोष्टक नव्हतं, तिथी होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते : चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला सव्वाअकरा. मिनिटाचा काटा कोणी याच्यावर लावू नये, पण रात्रीचा नांगर टाकताना हा हिशेब डोक्यात असलाच पाहिजे. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणजे पाच-साडेपाचला ओहोटी संपली. तुम्ही 7 वाजता 6 मीटर मोजलेत तेव्हा पाणी नुकतं चढायला लागलं होतं. त्या भागात उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढतं, त्यातलं सव्वादोन मीटर तरी अजून यायचं होतं. त्यात तुमच्या नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची 1 मीटर धरा. दोर तिथून सुटतो, पाण्याच्या पातळीपासून नव्हे, हे बहुतेक जण विसरतात. एकूण झाले सव्वानऊ मीटर. तुमचा साखळी-दोर मिळून 25 मीटर, म्हणजे तीन पटही नाही.

एवढ्या दोरावर नांगर जमिनीला समांतर ओढला जात नाही, वर उचलला जातो. प्रत्येक लाटेला नाळ वर जाते आणि नांगराचा दांडा हिसका खाऊन उभा होतो. पूर्ण भरतीच्या खोलीच्या किमान पाचपट, आणि उघड्या किनाऱ्यावर सातपट दोर सोडायचा. तुमच्या जागी तो 65 मीटर लागला असता. त्यामुळे नांगरावर खर्च करणार होतात ते पैसे साखळीवर आणि दोरावर घाला : 8 मिलिमीटरची साखळी 15 मीटर आणि 12 किंवा 14 मिलिमीटरचा नायलॉन दोर 60 मीटर. नायलॉनच हवा, कारण तो ताणला जातो आणि हिसका पोटात घेतो. बंदरावरच्या दुकानात पिवळा-निळा तरंगणारा दोर स्वस्त मिळतो, तो नांगराला लावू नका. तो ताणला जात नाही आणि ढिला पडला की पाण्यावर येऊन दुसऱ्याच्या पंख्यात जातो.

नांगर टाकायची रीतही तुमच्या पत्रात नाही, म्हणून लिहिते. बोट पूर्ण थांबू द्या, मागे सरकायला लागली की नांगर खाली सोडा, ढीग न होऊ देता साखळी-दोर हळूहळू सोडत जा. सगळा सुटला की बांधा, मग इंजिन मागच्या गतीवर आधी हलकं आणि नंतर निम्म्या जोराने चालवा. त्या वेळी एकाने दोरावर हात ठेवावा. नांगर रुतला असेल तर दोर ताठ आणि शांत लागतो. फरपटत असेल तर हाताला खडखड, थरथर कळते. ही थरथर एकदा हाताला कळली की माणूस आयुष्यभर विसरत नाही. आपल्याकडे पुळणीजवळ रेती आणि जरा बाहेर गेलं की चिखल लागतो, आणि चिखलात नांगराला रुतायला वेळ द्यावा लागतो. जुने लोक शिशाच्या ओळंब्याच्या तळाला चरबी लावून तो सोडत. वर येताना चरबीला तळाची रेती किंवा चिखल चिकटून येई, आणि काहीच आलं नाही तर खाली खडक.

आता मतलई. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक असतं. दुपारी समुद्रावरून वायव्येचा खारा वारा वाढतो, रात्री तो पडतो, आणि मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई सुटते, ती सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते. संध्याकाळी तुमची नाळ वायव्येकडे होती. लाटही वायव्येचीच, म्हणजे समोरून, म्हणून बोट शांत. मतलईने बोट फिरवून नाळ पूर्वेकडे केली, पण लाट काही फिरली नाही. ती आता मागून, तिरकी, कुशीवर यायला लागली. तुमचं लोळणं तिथे सुरू झालं. आणि बोट फिरली तशी नांगरावरची ओढही फिरली. वायव्येच्या वाऱ्यात रुतलेला नांगर उलट्या बाजूने, तोकड्या दोरावर, नेमका भरतीच्या सुमारास उपटला गेला. वारा जमिनीवरून होता म्हणून तुम्ही समुद्राकडे गेलात. त्याच वेळी वारा पश्चिमेचा असता तर पाऊण मैलावर पाडल्याची पुळण होती आणि तिच्यावर फुटणाऱ्या लाटा होत्या.

वारा एवढा मंद असताना लाट आली कुठून, असं मनात आलं असेल. डिसेंबर ते फेब्रुवारीत अरबस्तान आणि इराणच्या बाजूला शमाल नावाचे जोराचे वारे सुटतात. त्यांनी उठवलेली लांब लाट साधारण दोन दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागते. इथे आकाश निरभ्र, पान हलत नाही, आणि लाट मात्र येतच असते. हैदराबादची इनकॉइस ही संस्था लाटेची उंची, दिशा आणि दोन लाटांमधला वेळ यांचा अंदाज रोज देते. निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज सगळे बघतात, हाही बघायचा.

या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. एका मे महिन्यात वेळणेश्वरसमोर मी 4 मीटरवर नांगर टाकला होता. वारा अजिबात नव्हता, त्यामुळे निश्चिंत होते. रात्री नैऋत्येची लांब लाट यायला लागली. ओहोटीला पाणी उतरत गेलं, आणि लाटेच्या खोलगटीत बोट खाली बसली तेव्हा सुकाणू तळाला लागलं. तो आवाज अजून कानात आहे. पहिल्याच ठोक्याला निघायला हवं होतं. तिसऱ्या ठोक्यानंतर निघाले, आणि सुकाणूचा वरचा खिळा वाकला. तेव्हापासून उघड्या किनाऱ्यासमोर 7 मीटरच्या आत मी नांगर टाकत नाही, आणि ते मीटर ओहोटीचे मोजते.

तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर पुढे आहे. उघड्या पुळणीसमोर नांगर टाकतात तो विसाव्यासाठी, रात्र काढायला नाही. वडिलांचं गलबत संध्याकाळी असंच कुठेतरी समोर थांबायचं. भात शिजायचा, माणसं आठ वाजता आडवी व्हायची, आणि मतलईची पहिली झुळूक मानेला लागली की तांडेल सगळ्यांना उठवायचा. नांगर वर, शीड वर, आणि जमिनीवरचा वारा कुशीवर घेऊन दक्षिणेला. त्या वेळी किनाऱ्याजवळ वाऱ्याने उठलेली लाट नसते आणि शीड भरलेलं असलं की बोट लोळत नाही. ज्या वाऱ्याने तुमचा नांगर उपटला, त्याच वाऱ्याने तुम्ही चार वाजता निघून ताशी चार मैलांनी साडेआठच्या सुमारास दाभोळला पोचला असतात. अंतर सतरा-अठरा सागरी मैलच आहे. आणि पौर्णिमेला सकाळी साडेआठला पाणी चढतं असतं. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून आत जायला हीच वेळ. चढत्या पाण्यात, उजेडात. उतरत्या पाण्यात बाहेरची लाट दांड्यावर उभी राहून फुटते. हर्णैला रात्री शिरला नाहीत हे तुमचं बरोबरच होतं, तिथे दिवे नसलेल्या होड्या पुष्कळ असतात.

मतलईपर्यंत थांबायचं तर दोघांनी दोन-दोन तासांची पाळी लावा. हर्णैचा दिवा आणि किनाऱ्यावरचा एखादा ठळक दिवा यांची दिशा होकायंत्रावर घेऊन लिहून ठेवा आणि दर अर्ध्या तासाला ताडून पाहा. फोनवरचा नांगराचा गजर जरूर लावा, पण नांगर तळाला टेकतो त्या क्षणी. दोर सोडून बोट मागे गेल्यावर लावलात तर वर्तुळाचा मध्यच चुकतो. झोपायच्या आधी शीड एक पट आखडून तयार ठेवा. दोराचं आतलं टोक अशा गाठीने बांधा की ती पटकन सुटेल, जवळ सुरी आणि एक नारिंगी बोया ठेवा. निघायची वेळ आली आणि नांगर येत नसेल तर बोया बांधून दोर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी येऊन उचला. आणि कधी निघायचं ते उजेडातच ठरवा : मध्यरात्रीनंतर वारा पश्चिमेचा किंवा दक्षिणेचा झाला तर, लाट फुटायला लागली तर, नांगर एकदा जरी सरकला तर. रात्री दोन वाजता थकलेली माणसं अजून थोडं बघू असंच म्हणतात. वेळणेश्वरला मीही तेच म्हणाले होते.

एक राहिलं. तुम्ही कापलात तो दोर कुणाच्या तरी डोलीचा, म्हणजे मासे धरायला समुद्रात बांधून ठेवलेल्या जाळ्याचा असेल. हर्णैच्या बंदरावर जा, संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो तेव्हा सगळे भेटतात. जागा सांगा, ज्याचा असेल त्याला भरपाई द्या. हे लवकर करा.

प्रश्न : माझी बोट 20 फुटी आहे. 7 मीटरपेक्षा लहान बोटीला नांगरल्यावर दिवा लागत नाही असं ऐकलं. खरं का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : अर्धंच खरं. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ही सूट आहे, पण जिथे इतर बोटींची नेहमीची ये-जा नाही अशाच जागी. आपल्या किनाऱ्यावर रात्री मासेमारीच्या बोटी नाहीत अशी जागा दाखवा. चारही बाजूंनी दिसणारा एक पांढरा स्थिर दिवा लावाच. लुकलुकणारे रंगीत दिवे नकोत, ते जाळ्यावरचे वाटतात. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा लांबून चांगला दिसतो, पण जवळ आलेल्या ट्रॉलरचा खलाशी समोर बघतो, वर नाही. त्याला तो किनाऱ्यावरच्या दिव्यांतला एक वाटतो. म्हणून दुसरा दिवा डोक्याच्या उंचीवर टांगा, त्याचा उजेड फळीवर पडू दे. व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, 16 नंबरवर चालू ठेवा. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये असू दे, मात्र किनाऱ्यापासून दूर गेल्यावर फोन लागेलच असं नाही.

प्रश्न : नारळी पौर्णिमा होऊन गेली, पाऊस संपला, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात असा प्रवास करता येतो ना? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : करता येतो, पण त्या दिवसांत उघड्या किनाऱ्यासमोर नांगर टाकायचा विचार नको. तो अरबी समुद्रातल्या वादळांचाही काळ आहे. 2009 साली 11 नोव्हेंबरला फयान आलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी मच्छीमार समुद्रावरच होते, ते तुमच्या गावात सांगायला नको. अशा वेळी वारा दक्षिणेकडून सुरू होतो. वायव्येच्या वाऱ्यात जी मांडवीची बाजू किल्ल्याच्या डोंगराआड सुरक्षित असते, तीच मग सरळ उघडी पडते. हवामान खात्याने कमी दाबाचा पट्टा म्हटलं की निघूच नका, आणि वाटेत असाल तर समोरची पुळण सोडून खाडी धरा. विजयदुर्गला किल्ल्याला वळसा घालून वाघोटनच्या खाडीत आत जा. पाणी खोल आहे, तळाला चिखल आहे आणि चहूबाजूंनी डोंगर आहेत. तिथेही पूर्ण भरतीच्या खोलीच्या सातपट दोर सोडायचाच.