अँप्लिफायरचा नॉब खाली घेतला तर त्याची आउटपुट पॉवर कमी होते का? 50 वॅटचा स्पीकर 100 वॅटच्या अँपला असा जोडता येईल का?

नॉबच्या भरवशावर तरी जोडू नका. पॉवर अँपवरचा तो नॉब बहुतेक वेळा नुसता पोटेन्शिओमीटर असतो. आत येणारा सिग्नल कमी करतो, बस. अँप जास्तीत जास्त किती वॅट देऊ शकेल, हे सप्लायचं व्होल्टेज आणि स्पीकरचा इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) ठरवतात.

8 ओहमवर 100 वॅट म्हणजे स्पीकरवर साधारण 28 व्होल्ट आरएमएस (बदलत्या व्होल्टेजचं परिणामी मूल्य). अँपचा गेन, म्हणजे तो व्होल्टेज किती पट वाढवतो ते, 20 पट (26 डीबी) असेल, तर 1.4 व्होल्ट इनपुटला फुल पॉवर. नॉब 6 डीबी खाली, म्हणजे व्होल्टेज निम्मं, घेतलात की त्याच इनपुटला 25 वॅट मिळतील, हे खरं. पण मिक्सरवाल्याने मास्टर फेडर (एकूण आवाजाची सरकपट्टी) वर ढकलून 2.8 व्होल्ट दिले की पुन्हा 100 वॅट! त्याहून पुढे गेला तर क्लिपिंग, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात, आणि मग बहुधा आधी ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळतो.

खरा लगाम हवा असेल तर अँपच्या आधी लिमिटर (सिग्नल ठराविक पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र) लावा. 50 वॅटला 8 ओहमवर 20 व्होल्ट लागतात. गेन 20 असेल तर लिमिटर 1 व्होल्ट आरएमएसला बांधा. अँपचा नॉब मात्र पूर्ण वर ठेवून त्यावर टेप मारा, नाहीतर कुणीतरी फिरवतंच आणि हिशोब चुकतो.