सप्ताहातलं भजन स्टिरिओत रेकॉर्ड करायला कुठला स्टँड आणि कुठला शॉक माउंट घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळ तुमच्या गावात सप्ताह आहे, दोन छोटे कंडेन्सर माइक घेतलेत, आता साधा बूम स्टँड (वर आडवा दांडा असलेला) चालेल का आणि शॉक माउंटवर, म्हणजे स्टँडचा हादरा माइकपर्यंत जाऊ न देणाऱ्या पकडीवर, पैसे घालावेत की नको. घालाच. आणि त्याच्याही आधी स्टँडवर घाला, कारण हलक्या स्टँडवर कितीही भारी शॉक माउंट लावला तरी उपयोग नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी पहिल्यांदा असं रेकॉर्डिंग केलं तेव्हा माइक चांगले होते, रेकॉर्डर चांगला होता, स्टँड मात्र हलका बूमवाला, उसना आणलेला. तो मी फळ्यांच्या स्टेजवरच ठेवला, का तर तिथनं आवाज जवळ मिळतो. सकाळचा काकडा नीट गेला. संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला, टाळकऱ्यांनी पावली धरली आणि हेडफोनमध्ये प्रत्येक पावलाला धब्‌ धब्‌, मीटर मृदंगावर नाही तर पायांवर उडायला लागला. त्यात बूमचा नट हळूहळू सैल होऊन माइकची जोडी चांगली चार बोटं खाली आली आणि एका बाजूला कलली, त्यामुळं रेकॉर्डिंगमध्ये डावीकडचा मृदंग अभंग चालू असतानाच मधे सरकत आल्यासारखा ऐकू येतो. त्या मृदंगाचे म्हातारे वादक पुढच्या सप्ताहाला नव्हते. त्यांचं माझ्याकडं तेवढंच आहे, आणि ते असं आहे. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

स्टँड सरळ उभा घ्या, बूम नको. जोडी समोरच लावायची असते, आडव्या दांड्याची गरजच पडत नाही, आणि आडवा दांडा म्हणजे सगळं वजन बाहेर लोंबणार. उंची ८ ते १० फूट जाईल असा बघा, कारण माइक टाळकऱ्यांच्या डोक्यावरनं खाली बघायला पाहिजेत, तोंडासमोर नकोत, नाहीतर पुढच्या दोघांचे टाळच फक्त येतील. माइकचा एवढा उंच स्टँड आपल्याकडं पटकन मिळत नाही, पण फोटोवाल्यांचा लाइटचा स्टँड मिळतो आणि तो या कामाला उत्तम आहे, पाय रुंद पसरतात. फक्त वरचा स्क्रू कुठला आहे ते दुकानातच बघून घ्या. माइकच्या सामानात दोन आटे चालतात, ३/८ इंच आणि ५/८ इंच, आणि एकातनं दुसऱ्यात जायला पितळेचा छोटा अडॅप्टर येतो. तो दोन-तीन जास्तीचे घेऊन खिशात ठेवा, ऐनवेळी तोच हरवतो. पायावर वाळूची पिशवी टाका, आणि जवळ दगडी खांब असेल तर स्टँड सुतळीनं त्याला बांधून टाका, पोरं पळत असतात, म्हाताऱ्या बायका खाली बसलेल्या असतात, ९ फुटांवरनं लोखंड कुणाच्या डोक्यात नको.

आता शॉक माउंट. तो म्हणजे माइकचा झोपाळा असं समजा. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते, माइकचं वजन आणि रबराचा ताण मिळून ती ठरते. जमिनीतनं येणारा हादरा त्या लयीपेक्षा बराच जलद असला तरच तो अडतो, आणि नेमका त्याच लयीत आला तर उलट वाढतो. म्हणून मोठ्या स्टुडिओ माइकसाठी बनवलेला कोळ्याच्या जाळ्यासारखा गोल माउंट तुमच्या १०० ग्रॅमच्या आसपासच्या पेन्सिल माइकला लावला तर रबर ताणलंच जात नाही, झोपाळा कडकच राहतो. उलट रबर फार सैल असलं तर माइक खाली बसून कड्याला टेकतो आणि मग माउंट असून नसल्यासारखा. बोटानं माइक हळूच ढकलून बघा, मऊ हलला पाहिजे, दोन-तीन हेलकाव्यात थांबला पाहिजे आणि कुठंही टेकता नये. रबरवाले माउंट आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत ढिले पडतात, त्यापेक्षा रायकोट कंपनीचे लायर नावाचे माउंट येतात ते प्लास्टिकच्या वळलेल्या पट्टीचे असतात, रबर बदलायची भानगड नाही. महाग आहेत, पण मी आता तेच वापरतो.

तुमचे माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज जास्त घेणारे असणार, तर हे जास्तच लक्षात ठेवा की कार्डिऑइडला हादरे आणि वारा ऑम्नीपेक्षा, म्हणजे सगळीकडनं सारखा आवाज घेणाऱ्या माइकपेक्षा, जास्त लागतो. वाऱ्यावरनं आठवलं, ९ फुटांवर देवळातल्या पंख्याचा वारा थेट माइकवर येतो, फोमची टोपी घाला नाहीतर तेवढा एक पंखा बंद करायला सांगा, ऐकतात लोक.

दोन्ही माइक एकाच स्टिरिओ बारवर (दोन माइक धरणाऱ्या आडव्या पट्टीवर) लावा, दोन वेगळे स्टँड नकोत. मी बहुतेक ओआरटीएफ लावतो, ही फ्रेंच रेडिओवाल्यांची पद्धत आहे, दोन माइकच्या तोंडांत १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. अंतर माइकच्या तोंडापासून तोंडापर्यंत मोजायचं, माउंटपासून माउंटपर्यंत नाही, इथं हमखास चूक होते. आणि बार निदान २५-३० सेंटीमीटरचा घ्या, माउंटची कडी जाड असतात, छोट्या बारवर एकमेकांना घासतात.

केबल ताणून खाली सोडू नका. ताठ केबल झोपाळ्याला धरून ठेवते आणि स्टँडचा सगळा हादरा तिच्यातनं वर जातो. माइकमागं एक सैल वेटोळं ठेवा आणि मग माउंटच्या खाली स्टँडला पट्टीनं बांधा.

लो-कट, म्हणजे खालचे जाड आवाज कापणारी सोय, आहेच की असं कुणी सांगेल. ८० हर्ट्झचा लो-कट लावला तर धब्‌ कमी होतं हे खरं, पण मृदंगाच्या धुमाचा आणि डग्ग्याचा भारदस्तपणा तिथंच खाली असतो, तो पण जातो. आमच्याकडं अभंग झाला की त्याच बैठकीत कानडी दासरपद (हरिदासांचं भक्तिपद) होतं, आणि दोन्हीला मृदंग तोच. त्याचा आवाज कापण्यापेक्षा हादरा वर चढूच नये हे बघा.

स्टेज फळ्यांचं असेल तर स्टँड त्याच्यावर ठेवूच नका, समोर खाली फरशीवर ठेवा, पहिल्या टाळकऱ्यापासून ६-७ फुटांवर. दगडी देवळात आवाज घुमतो, त्यामुळं याच्या फार मागं जाऊ नका. हरिपाठाच्या आधी कुणालातरी स्टेजवर पावली घालायला सांगा आणि तुम्ही हेडफोन लावून ऐका. मग स्टँडच्या पायावर बोटाच्या पेरानं टकटक करा. टकटक लांबनं आल्यासारखी ऐकू आली तर ठीक. स्पष्ट आली तर आधी केबल बघा, मग माइक कड्याला टेकलाय का ते बघा.